चर्चला जाता, पण मंडळीत आपली माणसं आहेत का? नव्याने येणाऱ्यांसाठी आणि वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी सविस्तर गाईड

सलग दोन रविवार तुम्ही चर्चला गेला नाहीत तर फोन कोणाचा येईल? आत्ता लगेच एक-दोन नावं डोळ्यासमोर येतायत का? आणि उलट बघा, कोण आलं नाही हे तुमच्या लक्षात येतं का, म्हणजे "त्या दुसऱ्या बाकावरच्या आजी आज दिसल्या नाहीत, बरं नाहीये की काय" असं? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर तुम्ही उपासनेला जाता हे खरं, पण मंडळीत, म्हणजे चर्चमधल्या विश्वासी माणसांच्या समुदायात, अजून रुजलेला नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काही नाही हं, अशी माणसं प्रत्येक चर्चमध्ये भरपूर असतात, काहीजण तर लहानपणापासून त्याच चर्चमध्ये असूनही. फक्त हे आपोआप बदलत नाही, त्यासाठी थोडं ठरवून वागावं लागतं, आणि तेच कसं ते खाली लिहिते.

"विश्वास माझा आणि देवाचा मामला आहे, मधे चार माणसं कशाला" असं म्हणणारे भेटतात. मला त्यांचा राग येत नाही, बहुतेकांना कुठेतरी चटका बसलेला असतो. पण नवा करार उघडून बघा, प्रेषित पौलाची बहुतेक पत्रं एकेका मंडळीला लिहिलेली आहेत, आणि फिलेमोनाचं ते एवढंसं पत्र, तेसुद्धा त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीला धरून लिहिलंय. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, ही सगळी आज्ञापालनं एकट्याने खोलीत बसून कशी करणार? क्षमा करायला आधी कोणीतरी आपल्याला त्रास द्यायला हवा, आणि त्यासाठी माणसांच्या जवळ जावं लागतं.

आधी घरी बसून ठरवायच्या गोष्टी

चर्च शोधत असाल, किंवा आहे त्यातच मन लावायचं असेल, तरी आधी एक वही घ्या (मोबाईलमधली नोट चालेल) आणि प्रामाणिकपणे लिहा की आपल्याला नक्की हवंय काय. कोणाला शिकवण हवी असते, कोणाला पवित्र संस्कार नियमित मिळायला हवे असतात, कोणाला मुलांसाठी संडे स्कूल हवं असतं, कोणी एकटं पडलेलं असतं आणि त्याला फक्त माणसं हवी असतात. सगळं योग्यच आहे. पण लिहिलं नाही ना, की मग गाणी छान वाटली म्हणून आपण एका चर्चमध्ये जातो आणि सहा महिन्यांनी कळतं की तिथे बायबल नीट शिकवतच नाहीत, किंवा उलट, प्रवचन एकदम जोरदार आणि आजारी पडल्यावर विचारायला कुत्रंही येत नाही.

दुसरं म्हणजे तुमचा संप्रदाय आणि तिथे सामील व्हायची रीत. याचा गोंधळ खूप जणांचा होतो म्हणून थोडक्यात सांगते. कॅथलिक असाल तर पॅरिश, म्हणजे एका भागाची स्थानिक मंडळी, ही साधारणपणे भागानुसार ठरलेली असते, तुम्ही जिथे राहता तिथली पॅरिश तुमची, पण पॅरिश ऑफिसमध्ये जाऊन नाव आणि कुटुंबाची नोंद करून घ्या, नाहीतर फादरना तुम्ही आहात हेच माहीत नसतं. बाप्तिस्म्याचा दाखला शोधून ठेवा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्नाच्या नोंदी तुमचा बाप्तिस्मा जिथे झाला तिथल्या रजिस्टरमध्येही जातात, त्यामुळे तो कागद पुढे लागतोच. अँग्लिकन, मेथोडिस्ट वगैरे मंडळ्यांत बाप्तिस्म्यानंतर दृढीकरण किंवा सभासद होण्याचा विधी असतो आणि आधी काही वर्ग घेतात. बाप्टिस्ट मंडळ्यांत स्वतः विश्वास ठेवून पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्मा महत्त्वाचा, तुमची साक्ष, म्हणजे विश्वासात कसे आलात ते, ऐकून मंडळी तुम्हाला सभासद म्हणून स्वीकारते, कितीतरी ठिकाणी त्यासाठी मतदान होतं. ऑर्थोडॉक्स परंपरेत बाहेरून येणाऱ्यांना आधी बरेच महिने शिकवणीत घालवावे लागतात, घाई चालत नाही. पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत प्रत्येकाची पद्धत वेगळी, तिथे सरळ पास्टरना विचारायचं, "मला सभासद व्हायचं असेल तर काय करावं लागेल?" या प्रश्नाला उत्तर देताना कोणी घुटमळत असेल तर ते लक्षात ठेवा.

निवडताना काय बघायचं

तीन-चार चर्च बघायला हरकत नाही, पण वर्षभर बघत बसू नका. प्रत्येक ठिकाणी निदान तीन-चार वेळा जा, कारण पहिल्या रविवारी आपण फक्त वातावरण बघतो, गाणी, माईकचा आवाज, खुर्च्या आरामशीर आहेत का. चौथ्या रविवारी खरं दिसायला लागतं.

शिकवण ऐकताना बिरुयाच्या लोकांसारखं करा, प्रेषितांच्या कृत्यांच्या 17 व्या अध्यायात त्यांचं कौतुक आहे, पौलाने सांगितलेलं खरं आहे का हे ते रोज शास्त्रात तपासून बघायचे. पौलाला तपासलेलं चाललं तर आपल्या पास्टरनाही चालायला हवं. प्रवचनात उल्लेख झालेलं वचन घरी येऊन आधीच्या-नंतरच्या ओळींसकट वाचा. दर वेळी एखादंच वाक्य उचलून त्याच्यावर तासभर बोललं जात असेल, आणि संदर्भ बघितल्यावर अर्थ भलताच निघत असेल, तर सावध व्हा.

मग माणसं बघा. गरीब दिसणाऱ्या माणसाला बसायला कुठे देतात? याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमकं हेच आहे, सोन्याची अंगठीवाला आला की पुढची जागा आणि मळक्या कपड्यातला आला की "तू तिकडे उभा राहा". हे आजही घडतं, फक्त जरा सभ्य भाषेत. अपंग माणूस आत येऊ शकतो का, एकट्या आईला मुलं रडली तर कोणी मदत करतं का की फक्त वळून वळून बघतात, म्हाताऱ्यांशी कोण बोलतं, नवीन माणसाकडे पास्टर सोडून दुसरं कोणी आपणहून येतं का. आणि हो, जबाबदारीच्या जागांवर किती वेगवेगळी माणसं आहेत की एकाच घरातली चार, तेही बघा.

परिपूर्ण मंडळी मिळणार नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र वाचा, गटबाजी आहे, कोर्टकज्जे आहेत, प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी काहीजण उपाशी आणि काहीजण पिऊन तर्र, आणि तरी तो त्यांना देवाची मंडळी म्हणतो. आपली यादी थोडी सैल सोडायला हे पुरेसं आहे.

पहिले तीन महिने: एकच जागा, एकच वेळ

चर्च ठरलं की पहिलं काम अगदी साधं, नेहमी एकाच उपासनेला जा आणि साधारण एकाच जागी बसा. ऐकायला बावळट वाटतं पण याचा फरक फार पडतो, कारण आजूबाजूला बसणारी माणसंही बहुतेक ठरलेलीच असतात आणि चार-पाच आठवड्यांत चेहरे ओळखीचे होतात. सकाळची उपासना एकदा, संध्याकाळची एकदा, मग एकदा ऑनलाइन, असं केलं तर वर्षभरानेही तुम्ही नवीनच राहता.

दहा मिनिटं आधी पोचा. आणि संपल्यावरची पंधरा मिनिटं तर सोनं आहे, ती टाळू नका. मला माहीत आहे ती वेळ किती जड जाते, आशीर्वाद झाला, लोक उठले, सगळ्यांचे आपापले घोळके झाले, आणि आपण एकटेच मोबाईल काढून कोणाचा तरी मेसेज आलाय असं दाखवतोय, स्क्रीनवर खरं तर काहीच नसतं. त्या क्षणी दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे हाताला काम द्या, गीतपुस्तकं गोळा करायची असतात, खुर्च्या लावायच्या असतात, वायरी गुंडाळायच्या असतात, जाऊन सरळ म्हणा, "मी धरू का?" काम करताना बोलणं आपोआप निघतं, डोळ्यात डोळे घालून गप्पा सुरू करण्यापेक्षा खुर्ची उचलता उचलता नाव विचारणं हजार पट सोपं. दुसरं, घोळक्याकडे जाऊ नका, एकटं कोण उभं आहे ते शोधा. तुमच्यासारखंच कोणीतरी भिंतीला टेकून मोबाईल बघत असतंच.

नाव कळलं की लिहून ठेवा, आणि नावासोबत एक गोष्ट: "मुलीची परीक्षा", "गुडघ्याचं ऑपरेशन", "नोकरी शोधतोय". पुढच्या रविवारी "ऑपरेशन कसं झालं?" एवढं विचारलंत की तो माणूस तुम्हाला विसरणार नाही. कोणी याला नाटकीपणा म्हणेल, मी म्हणेन आपली स्मरणशक्ती कमी आहे आणि माणसं महत्त्वाची आहेत, मग लिहायला काय हरकत आहे.

आणि एक बर्णबा शोधा. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांत मिसळायला बघत होता पण सगळे त्याला घाबरत होते, कारण आधी तो ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, हा खरंच शिष्य झालाय यावर कोणाचा विश्वासच बसेना (कृत्ये 9:26). मग बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं आणि त्याची हकिकत सांगितली. एवढ्या मोठ्या पौलालाही आत जायला मधे एक माणूस लागला, तर तुम्हा-आम्हाला लागणारच ना. प्रत्येक मंडळीत असे एक-दोन जण असतात, त्यांना सगळे ओळखतात आणि त्यांना माणसं जोडायला आवडतं, बऱ्याचदा ते कुठल्याच पदावर नसतात. त्यांना सरळ सांगा, "मी नवीन आहे, मला कोणीच ओळखत नाही, जरा ओळख करून द्याल का?" हे वाक्य म्हणायला जीभ अडखळते पण असं विचारलेलं त्यांना मनापासून आवडतं.

छोट्या गटात शिरा, हीच खरी गुरुकिल्ली

शंभर-दोनशे लोकांत कोणी कोणाचं होत नाही. आठ-दहा जणांत होतं. सेल ग्रुप म्हणा, घरगुती प्रार्थना म्हणा, बायबल स्टडी म्हणा, महिला मंडळ, तरुण संघ, कॅथलिकांत छोटे ख्रिस्ती समूह असतात, नाव काहीही असो. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा, बाकी सगळं सोडलंत तरी चालेल.

मेथोडिस्टांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, ही चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर त्यांच्या प्रार्थनागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणीतरी म्हणालं, गरिबांना तेवढंही परवडणार नाही. तर तो म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे मी भरीन. मग बाकीच्यांनीही तशीच वाटणी केली. आणि झालं काय, पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्यांना कळायला लागलं की कोणाच्या घरात भांडणं आहेत, कोण दारूच्या नादी लागलाय, कोण आजारी आहे. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच, आणि साधारण बारा जणांचे ते वर्ग पुढे मेथोडिस्ट चळवळीचा कणा झाले. कर्ज फेडायला काढलेली युक्ती, आणि त्यातून माणसं एकमेकांच्या दारात पोचली!

गटात गेल्यावर पहिल्याच दिवशी आयुष्य उघडं करायचं नाही. दोन-तीन आठवडे ऐका, बघा की इथे बोललेलं इथेच राहतं का. एखाद्याची खासगी अडचण "प्रार्थनेसाठी" म्हणून दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली तर तोंड शिवून घ्या आणि गटप्रमुखाशी बोला. प्रार्थनेच्या नावाखाली होणारी गॉसिप हा मंडळीतला सगळ्यात सभ्य दिसणारा आजार आहे. गट सुरक्षित वाटला तर मात्र हळूहळू खरं बोलायला लागा, आधी छोटं काहीतरी, "या आठवड्यात प्रार्थना करावीशीच वाटली नाही" एवढं जरी. बघा, अजून दोघे म्हणतील "माझंही तसंच".

गट चर्चमध्ये नसेलच तर? दोघा-तिघांना विचारून सुरू करा. एक तास, बायबलचा एक उतारा, तीन प्रश्न (यात देवाबद्दल काय कळतं, माझ्याबद्दल काय कळतं, या आठवड्यात काय करायचं), मग एकमेकांसाठी प्रार्थना. पास्टर किंवा फादरना आधी कल्पना द्या, म्हणजे वेगळी चूल मांडताय असं वाटणार नाही. वेळेवर सुरू, वेळेवर बंद, दोन तासांवर गेलं की लोक गळायला लागतात.

सेवा: छोटी, नियमित, आणि कोणाला न दिसणारी

पहिल्या एक-दोन महिन्यांतच एक छोटं काम घ्या. स्टेजवरचं नको, म्हणजे गाता येत असेल तरी आधी नको. दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणं, साफसफाई, संडे स्कूलमध्ये मदतनीस, आजाऱ्यांना भेटणाऱ्या टीमबरोबर जाणं, हिशेब येत असेल तर हिशेबात मदत, कॉम्प्युटर येत असेल तर स्लाइड्स. काम असं हवं की तुम्ही आला नाहीत तर कोणालातरी जाणवेल. गंमत म्हणजे मी बघितलंय की लोक "आधी आपलेपणा वाटू दे मग काम घेऊ" म्हणून थांबतात, आणि होतं बरोबर उलटं, काम घेतल्यावरच आपलेपणा वाटायला लागतो.

पण सगळ्याला हो म्हणू नका. होतकरू माणूस मिळाला की मंडळी त्याच्यावर तुटून पडते, गायनात घे, कमिटीत घे, कार्यक्रमात घे, आणि दीड वर्षात तो थकून गायब. एक नियमित काम आणि फार तर एखादं तात्पुरतं, एवढंच. "मला विचार करून सांगू दे" हे वाक्य पाठ करून ठेवा.

आजारी माणसाला भेटण्याबद्दल दोन ओळी, कारण हे करायला सगळे घाबरतात. आधी फोन करून वेळ विचारा, वीस मिनिटांत उठा, स्वतःच्या काकांना हाच आजार कसा झाला होता ते सांगू नका, "विश्वास कमी पडला म्हणून बरे होत नाही" हे तर मेलात तरी बोलू नका. छोटं स्तोत्र वाचा, त्यांना हवं असेल तर प्रार्थना करा, निघताना "काही लागलं तर सांगा" म्हणण्याऐवजी ठोस विचारा, "गुरुवारी औषधं आणून देऊ का, की मुलांना शाळेतून आणू?" ठोस विचारलं की माणूस हो म्हणतो.

पैशाचं काय

अर्पण द्यायचंच, कारण जिथे आपला पैसा जातो तिथे मनही जातं, येशूने हेच सांगितलंय. किती, यावर मतं वेगळी आहेत. काही मंडळ्या दशांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा शिकवतात, मलाखीचा तिसरा अध्याय त्यासाठी दाखवतात. काही म्हणतात तो जुन्या करारातला नियम, आता मनात ठरवल्याप्रमाणे द्यायचं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून नाही (2 करिंथ 9:7). तुमचं जे ठरेल ते ठरवून, नियमित, आणि गाजावाजा न करता द्या. कर्जात असाल, घरात खायला नसेल, तर आधी मंडळीकडून मदत घ्यायची वेळ आहे तुमची, आणि त्यात कमीपणा नाही. साधारण 155 साली जस्टिन मार्टर नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रोमन सम्राटाला रविवारची उपासना कशी चालते ते लिहून कळवलं होतं, त्यात शास्त्रवाचन, उपदेश, प्रार्थना, प्रभुभोजन आहेच, पण जमलेलं अर्पण अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परक्या मुलखातून आलेल्या लोकांसाठी वापरतात हेही आहे, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना भाकर आणि द्राक्षारस घरपोच नेऊन देतात हेही. म्हणजे गैरहजर माणसाची आठवण ठेवणं तेव्हापासून उपासनेचाच भाग आहे.

हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौल स्वतः यरुशलेमेसाठीचा निधी एकट्याने घेऊन गेला नाही, मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको (2 करिंथ 8:18-21). वार्षिक हिशेब सभासदांसमोर येतो का, पैसे मोजायला दोन तरी असंबंधित माणसं असतात का, हे विचारा, शांतपणे विचारा.

भांडण होणारच, मग काय करायचं

वर्ष-दोन वर्षांत कोणीतरी तुम्हाला दुखावेल. नक्की. आणि बहुतेक माणसं इथेच मंडळी सोडतात, न बोलता, आधी एक रविवार चुकतो, मग तीन, मग सवयच जाते.

मत्तय 18 मध्ये पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी एकट्याने त्या माणसाला भेटा, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घ्या, तरी नाही तर मंडळीपुढे आणा. आपण नेमकं उलटं करतो, आधी सहा जणांना सांगतो, मग स्टेटस टाकतो, आणि ज्याच्याशी भांडण त्यालाच शेवटी कळतं. मेसेजवर भांडू नका, भेटा. सुरुवात अशी करा, "त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्ही माझं बोलणं मधेच तोडलंत, मला ते लागलं, तुमच्या मनात काय होतं ते समजून घ्यायचंय." एक प्रसंग, एक भावना, एक प्रश्न. "तुम्ही नेहमीच असे" हे शब्द आले की संपलं.

काही तक्रारी माणसाच्या नसतात, व्यवस्थेच्या असतात. कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या, कुरकुर सुरू झाली, तर प्रेषितांनी "कुरकुर करू नका" असं दटावलं नाही, त्यांनी मंडळीला सात जण निवडायला सांगितले आणि निवडले गेलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. तक्रार घेऊन जाल तर सोबत उपाय घेऊन जा, आणि "मी त्यात मदत करीन" हेही.

आणि कधी कधी नाहीच जमत. पौल आणि बर्णबा त्यांचा सोबती मार्क याच्यावरून इतके भांडले की वेगळ्या वाटेने गेले. पण पुढे पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). मधे बरीच वर्षं गेली. सगळं एका मीटिंगमध्ये मिटवायची घाई नको.

इथे मात्र थांबायचं नाही

वरचं सगळं साध्या मानवी भांडणांसाठी आहे. मारहाण, लैंगिक छळ, मुलांना त्रास, पैशाची लूट, यात "आधी एकट्याने जाऊन भेटा" लागू नाही, तिथे पोलीस आणि सुरक्षित माणसं आधी. "मंडळीची बदनामी होईल" म्हणून गप्प बसवणारा तुमचा हितचिंतक नाही. मुलांच्या वर्गात कधीही एकच मोठा माणूस बंद दाराआड नको, निदान दोघे हवेत, हा नियम तुमच्या चर्चमध्ये नसेल तर आणायला सांगा.

बाकी धोक्याच्या खुणा: पुढाऱ्याला प्रश्न विचारला की "अभिषिक्ताविरुद्ध (म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाविरुद्ध) बोलू नका" असं उत्तर येतं, घरच्यांशी संबंध तोडायला सांगतात, लग्न-नोकरी-औषध सगळं एकच माणूस ठरवतो, डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास असं शिकवतात, सोडून गेलेल्यांबद्दल फक्त वाईटच बोलतात. दिदाखे नावाचं फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, त्यात फिरत्या संदेष्ट्यांसाठी सरळ कसोटी दिली आहे, तीन दिवस मुक्काम ठोकला किंवा स्वतःसाठी पैसे मागितले तर तो खोटा. म्हणजे तपासून घेणं ही काही आजकालची नास्तिक फॅशन नाही.

ज्यांचं गणित वेगळं आहे त्यांच्यासाठी

अबोल असाल तर दर रविवारी एकाच माणसाशी नीट बोला, पुरे. सगळ्यांत मिसळणं हा काही आत्मिक दर्जा नाही. शिफ्टची नोकरी असेल तर रविवार चुकणारच, मग आठवड्यातला छोटा गट तुमचा मुख्य आधार करा आणि पास्टरना आपलं शेड्यूल सांगून ठेवा, नाहीतर "येत नाही" असा शिक्का बसतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ऑनलाइन उपासना खरंच वरदान आहे, पण तिच्या जोडीला आठवड्यातून एक तरी माणूस घरी यायला हवा, तो मागून घ्या, कॅथलिकांत पवित्र कम्युनियन घरी आणायची सोय असते, फक्त पॅरिशला कळवावं लागतं.

एकट्या राहणाऱ्यांना कुटुंबांच्या गर्दीत उपरं वाटतं. त्यांनी वाट न बघता एखाद्या घराला म्हणावं, "रविवारी दुपारी मी तुमच्याकडे येऊ का?" आणि कुटुंबवाल्यांनो, तुम्ही त्यांना आधी बोलवा ना. सण असतो तेव्हा तर नक्कीच.

घरात आपण एकटेच विश्वासी असू तर ओढाताण मोठी असते. घरच्यांशी खोटं बोलून उपासनेला जाण्यापेक्षा, सुरक्षित असेल तिथे, वेळ ठरवून मोकळेपणाने सांगा, घरच्या जबाबदाऱ्या आधीपेक्षा चोख करा, आणि मंडळीतल्या एखाद्या वयस्क जोडप्याला घरच्यांशी ओळख करून घ्यायला सांगा. बोलण्यापेक्षा अशी साधी सभ्य माणसं बघून घरच्यांची भीती जास्त कमी होते.

गाव बदललं, किंवा सोडायची वेळ आली तर

गुपचूप गायब होऊ नका. पास्टर किंवा फादरना भेटून कारण सांगा, रागाचं असेल तर तेही सभ्य शब्दांत. सभासद असाल तर सभासदत्वाचं पत्र मागून घ्या, बाप्तिस्मा-दृढीकरणाचे दाखले घ्या, नव्या ठिकाणी लागतात. छोट्या गटाचा शेवटचा दिवस ठरवून सगळ्यांचा निरोप घ्या. नव्या गावात पहिल्या महिन्यातच चर्च शोधायला लागा, "आधी घर लागू दे, नोकरी बसू दे" म्हणत सहा महिने गेले की रविवारची सकाळ झोपेची होऊन जाते. आणि निघण्याआधी तुमचं काम कोणालातरी शिकवा, निदान दोन रविवार बरोबर घेऊन, किल्ल्या कुठे असतात, माईकचं कुठलं बटण अडकतं, कुठल्या आजींना हात धरून पायऱ्या चढवायला लागतात, सगळं.